ओळख करून द्यायची गरजच नाही!

घ्या, चहा घ्या आधी. बशीत ओतून घ्या हवं तर, इथे कोण परकं आहे? फक्त एक सांगते, मी बोलत असताना घोट घेऊ नका. मागे हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या नणंदबाईंच्या नाकातून चहा आला होता.

अहो, माती खाल्ली मी! चिमूटभर नाही, घमेलंभर. आणि कधी, तर आज आपल्यासारखं चोख काम अख्ख्या पुण्यात कोणी केलं नाही, असं स्वतःलाच सांगत असताना!

तर मी सुनंदा काळभोर, राहणार हडपसर. नोकरी एका मोठ्या सरकारी विद्यापीठात, नेमणूक विभागात. तेव्हा मी सहायक कुलसचिव होते. विद्यापीठाचं नाव विचारू नका, मला अजून पेन्शन घ्यायचीय.

त्या वेळी आमच्याकडे प्र-कुलगुरूंची जागा रिकामी होती. आता तुम्ही म्हणाल, हे काय असतं? सोपं आहे. कुलगुरू म्हणजे घरातले वडील आणि प्र-कुलगुरू म्हणजे आई. वडील फीत कापतात, फोटोत मधोमध उभे राहतात. अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल, प्राध्यापकांचे रुसवेफुगवे, हे सगळं आईच्या गळ्यात. आणि आमचं एवढं मोठं घर दीड वर्ष आईविना चाललं होतं. निकाल रखडलेले, पोरं खिडक्यांवर रांगा लावून उभी, आणि कोणाला काही विचारलं की उत्तर एकच, "प्र-कुलगुरू आले की बघू."

ते येणार कुठून? दोनदा मुलाखती झाल्या आणि दोनदा रद्द झाल्या. पहिल्यांदा एकाला पत्र उशिरा मिळालं. दुसऱ्यांदा डॉ. खळदकर नावाच्या उमेदवारांनी तक्रार केली, की मला बारा मिनिटं विचारलंत आणि दुसऱ्याला चाळीस! झालं, पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा छाननी.

तिसऱ्यांदा मुलाखती ठरल्या तेव्हा कुलसचिव साहेबांनी मला बोलावलं. साहेब नुकतेच बदलून आलेले, कुणाला फारसं ओळखत नव्हते.

"काळभोर मॅडम, ह्या वेळी कुणाला बोट ठेवायला जागा मिळता कामा नये. सगळं तुमच्यावर सोपवतोय." मग टेबलावरच्या गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमची उपकुलसचिवपदाची फाइल इथेच आहे माझ्याकडे."

आणखी काही सांगायची गरज होती का? काम नीट झालं तर बढती, आणि तिसऱ्यांदा विचका झाला तर नारळ, आणि तोही सत्काराचा नाही!

मग मी काय केलं असेल? मी सिस्टीम बनवली.

पिवळी फाइल म्हणजे निवड समितीतले मान्यवर. त्यांना कपबशी, काजू आणि समितीची खोली. निळी फाइल म्हणजे उमेदवार. त्यांना कागदी कप, ग्लुकोज बिस्कीट आणि शेजारचा हॉल. पाच उमेदवार, म्हणून मोजून पाच खुर्च्या. हातातली फाइल बघायची आणि चहा द्यायचा, असं आमच्या थोपटेमामांना पढवून ठेवलं. थोपटेमामा म्हणजे आमचे शिपाई, खडकवासल्याच्या पुढचे, माझ्याहून दहा वर्षं जुने.

सकाळी पोहे खाताना आमच्या ह्यांना मोठ्या अभिमानानं सिस्टीम समजावली. हे कारखान्यात सुपरवायझर. म्हणाले, "सगळं झकास आहे गं. पण खोक्याला लेबल लावायच्या आधी आत काय आहे ते बघणार आहेस ना?"

मी म्हटलं, "तुम्ही पोहे खा."

आता समितीचे अध्यक्ष बाहेरचे होते. नाव आलं ते आदल्या दिवशी, बंद पाकिटातून. डॉ. एन. आय. अत्तार. बस, एवढंच. सोबत ना फोटो, ना परिचय. मी त्यांच्या ऑफिसला फोन केला तर तिकडचा माणूस म्हणाला, "गाडी नको. मूळचे पुण्याचेच आहेत, आपले आपण येतील." मी लिहून घेतलं, अत्तार सर, आपले आपण येणार.

सर! सर कुठून आणलं मी? मी, जी गेली पंचवीस वर्षं ऑफिसात भांडतेय की प्रत्येक मोठ्या खुर्चीवर पुरुषच असतो असं धरून चालू नका! पण तेव्हा ते डोक्यातसुद्धा आलं नाही हो.

साडेनऊला पोर्चमध्ये पांढरी गाडी आली. ड्रायव्हरनं धावत येऊन दार उघडलं. आतून आधी पोट उतरलं, मग जॅकेट, मग कपाळाला गंध लावलेले एक भारदस्त गृहस्थ. आल्या आल्या त्यांनी इमारतीकडे असं बघितलं, की इमारतच जरा सावरून उभी राहिली असेल.

मी गुच्छ घेऊन पुढे. "यावं सर, यावं! प्रवासात त्रास नाही ना झाला?"

"त्रास कसला? आपल्याच संस्थेत आल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले.

दिली पिवळी फाइल! समितीच्या खोलीत नेऊन अध्यक्षांच्या खुर्चीत बसवलं. समोर काजू, शेजारी लाखेचं सील लावलेलं पाकीट. त्या पाकिटात काय होतं माहितीये? मुलाखतीचे प्रश्न!

नाव विचारलं? नाही. एवढ्या मोठ्या माणसाला नाव विचारायचं म्हणजे अपमानच की!

हे गृहस्थ होते डॉ. दिगंबर सरपोतदार. उमेदवार क्रमांक तीन. त्यांचा अर्ज मी स्वतः छाननीत बघितलेला, पण त्यावरचा फोटो वीस वर्षांपूर्वीचा. त्यात केस होते.

तुम्ही म्हणाल, त्यांना तरी शंका यायला नको? अहो, ज्या माणसाला गल्लीतल्या गणपतीपासून शाळेच्या संमेलनापर्यंत सगळीकडे गुच्छ मिळतात, तो कारण विचारतो का? त्यांना वाटलं, आपलं नाव इथवर पोचलेलं दिसतंय.

दहा मिनिटांनी गेटकडून एक बाई चालत आल्या. साठीच्या आसपास, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पायात साध्या चपला. रिक्षा आत सोडली नव्हती म्हणून उन्हातून चालत आलेल्या. मी टेबलाशी, आणि नुकतंच मान्यवराला खुर्चीत बसवून आल्यामुळे माझी मान अशी ताठ!

"नमस्कार," त्या म्हणाल्या, "मी..."

"मुलाखत ना? ही निळी फाइल. मोबाईल जमा करा."

"हो, मुलाखतीसाठीच आलेय, पण मी..."

"सगळे मुलाखतीसाठीच आलेत मॅडम. फोटो आणलेत? पासपोर्ट साइज, तीन."

"फोटो? नाही. तसं कुणी सांगितलं नव्हतं."

"सांगितलं नव्हतं कसं? पत्रात, पान दोन, मुद्दा सहा. लोक पत्र वाचतच नाहीत. आणि व्हायचंय प्र-कुलगुरू!"

हे मी तोंडावर बोलले. हसताय काय? तेव्हा मला वाटलं, वा सुनंदा, काय शिस्त आहे!

बाईंनी आणखी एकदा प्रयत्न केला. "एक मिनिट, माझं नाव..."

"नाव फॉर्मवर लिहा. बसा आत. नंबर लागेल."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट बघितलं. मग मोबाईल टोपलीत ठेवला, फाइल घेतली आणि म्हणाल्या, "बरं. लिहिते."

आत जाऊन बसल्या. मी हॉलमध्ये डोकावले, तर पाच खुर्च्यांवर पाच माणसं. गणती बरोबर जुळली! आता मला सांगा, शंका कुठून येणार?

बरोबर दहाला अध्यक्षांचा सत्कार. कुलगुरू आणि बाकीचे दोन सदस्य अकराला येणार होते, म्हणून सत्कार कुलसचिव साहेबांच्या हस्ते. शाली मी स्वतः लक्ष्मी रोडवरून आणलेल्या, तीन, एकाच रंगाच्या, म्हणजे तिघा सदस्यांत कमीजास्त नको. मोठा नारळ, त्याला कुंकू. जनसंपर्क विभागाचा माणूस कॅमेरा घेऊन हजर.

साहेब माझ्या कानाशी आले. "मॅडम, परिचयाचा कागद?"

कागद कुठला? आलाच नव्हता! पण माझी पंचवीस वर्षांची नोकरी काय उगाच झाली? मी माइक हातात घेतला आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

"सरांची ओळख करून द्यायची गरजच नाही!"

आपल्याकडे माहिती नसली की हेच म्हणतात. आणि सरपोतदारांनी काय करावं? डोळे मिटून नम्रपणे मान हलवली. त्यांनाही ते पटलं होतं.

शाल घातली, नारळ दिला, फोटो झाला. मग मीच म्हटलं, "सरांनी दोन शब्द बोलावेत." दोन शब्द पंचवीस मिनिटं चालले! ह्या विद्यापीठाचं मी काय करून दाखवणार, कुठली केंद्रं उघडणार, कुठल्या देशांशी करार करणार! साहेब भारावून माझ्या कानात म्हणाले, "तज्ज्ञ असावा तर असा. मुलाखत घ्यायला आलाय आणि कामांची यादी घेऊन आलाय."

इकडे जनसंपर्कवाल्यानं फोटो स्टाफच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "मान्यवरांचा सत्कार." आमचा स्टाफ किती हुशार! आज प्र-कुलगुरूंच्या मुलाखती, आणि शाल घातलेला माणूस भाषण करतोय, म्हणजे नेमणूक झालीच की! धडाधड सुरू, "अभिनंदन सर", "योग्य निवड", "सरांना उदंड आयुष्य लाभो". माझा फोन पर्समध्ये घुंघुं करत होता. मला वाटलं, आमचे हे असतील, डबा विसरले असतील.

पावणेअकराला थोपटेमामांना म्हटलं, "मामा, हॉलमध्ये जाऊन हजेरी घ्या." मामा गेले आणि डोकं खाजवत परत आले.

"बाई, येक गडी कमी हाय आन् येक बाई जास्त हाय."

"म्हणजे? माणसं किती आहेत?"

"पाच."

"खुर्च्या किती?"

"पाचच की."

"मग कमी कुठे आहे मामा?"

"गणतीत बराबर हाय बाई. नावात न्हाय. ते तीन नंबरचं सरपोतदार हाका मारून मारून सापडंना. आन् एक मॅडम हायेत, त्यांचं नावच यादीत न्हाय."

मी हॉलकडे पळाले, शब्दशः पळाले, साडीच्या निऱ्या हातात धरून. त्या बाई शांतपणे बसल्या होत्या. शेजारी चार नंबरचे उमेदवार, डॉ. वानखेडे, विदर्भातले. रात्रभर रेल्वेनं आलेले, शर्ट चुरगळलेला. ते बाईंना फॉर्म भरायला मदत करत होते. स्वतःच्या स्पर्धकाला! स्वतःची पंख्याखालची खुर्चीही त्यांनी बाईंना दिली होती आणि वर म्हणत होते, "घाबरू नका ताई, काही नाही होत. ह्या टेबलावरच्या मॅडम जरा कडक आहेत, पण मुलाखत घेणारी माणसं चांगली असतील."

मी म्हटलं, "मॅडम... आपलं शुभनाव?"

बाईंनी फॉर्म माझ्या हातात दिला. स्वच्छ अक्षर. नाव: नसरीन इब्राहिम अत्तार. कोणत्या पदासाठी अर्ज: अर्ज केलेला नाही, निवड समितीच्या अध्यक्षपदी आधीच नेमलेली आहे. अपेक्षा: एकदा वाक्य पूर्ण करू द्यावे.

धरणीमाते, पोटात घे! पण धरणी कसली घेतेय? दुभंगायचं सोडून तिथे एकदम डॉ. खळदकर उभे राहिले. हो, तेच ते, बारा मिनिटंवाले.

"काळभोर मॅडम, लाऊडस्पीकरवर तो आवाज सरपोतदारांचा होता. मी ओळखतो त्यांना. उमेदवाराचा सत्कार? मुलाखतीच्या आधी? मी कोर्टात जाणार!"

म्हणजे तिसऱ्यांदा रद्द! पुन्हा जाहिरात, पोरांचे निकाल आणखी वर्षभर लांबणीवर, आणि माझी फाइल टेबलावरून थेट कपाटात. त्यात एकदम आठवलं, ते प्रश्नांचं पाकीट! गेला सव्वा तास ते सरपोतदारांच्या पुढ्यात पडलंय!

मी समितीच्या खोलीत घुसले. सरपोतदार शाल पांघरून काजू खात होते. पाकीट? पाकीट समोरच होतं. त्याच्यावर नारळ ठेवलेला आणि शेजारी चहाच्या बशीचा गोल डाग. सील जसंच्या तसं.

"सर, हे... हे उघडलं नाहीत ना?"

"छे हो," ते म्हणाले. "दुसऱ्यानं लिहिलेलं मी सहसा वाचत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्याच्या गर्वाला नमस्कार करावासा वाटला. नारळ उचलून पाकीट छातीशी धरलं, परत हॉलमध्ये आले आणि अत्तार मॅडमसमोर उभी राहिले. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं.

"मॅडम, चूक माझी आहे. साहेबांची नाही, मामांची नाही, त्या सरांचीही नाही. मी तुम्हाला बोलूच दिलं नाही."

मॅडम म्हणाल्या, "रडू नका. आधी माझा मोबाईल द्या. मग एक कप चहा द्या, बशीसकट. ह्या कागदी कपानं बोटं भाजली माझी." मग जरा हसल्या. "मी भवानी पेठेत वाढलेय हो. काउंटरवर झालेला अपमान मला नवीन नाही. मध्ये बरीच वर्षं बाहेर काढली ना, सवय मोडली होती."

"पण माझं काय?" खळदकर ओरडले. "एकाचा सत्कार होतो आणि बाकीचे आम्ही काय रस्त्यावर पडलोय?"

आणि तिथे, बघा हं, तिथे माझ्या डोक्यात वीज चमकली!

"कोण म्हणतं एकाचा? तुमचा नंबर एक आहे ना सर? या पुढे!"

"काय?"

"सत्कार! पाचही उमेदवारांचा सत्कार आहे. तीन नंबरचा चुकून आधी झाला, बाकीचे आत्ता करू. मॅडम, चालेल?"

मॅडमनी घड्याळ बघितलं. "चालेल. पण एका अटीवर. सकाळपासून जे घडलं ते घडलं तसं इतिवृत्तात लिहायचं. मी हॉलमध्ये बसले होते हेसुद्धा. ते पाचही जणांना वाचून दाखवायचं, आणि हरकत नसेल तरच सह्या घ्यायच्या. एक शब्द लपवायचा नाही."

"लिहिते मॅडम. माझ्याच हातानं लिहिते."

अडचण एकच होती. शाली तीन, त्यातल्या दोन सदस्यांसाठी राखून ठेवलेल्या. राहिली एक, ती सरपोतदारांच्या अंगावर! मी गोड आवाजात म्हटलं, "सर, शाल जरा द्या हं, घडी नीट करून देते." त्यांनी दिली. आणि मग जो कारखाना सुरू झाला! खळदकरांना शाल, नारळ, फोटो. शाल काढ, घडी घाल, नारळ घे. दोन नंबरला शाल, नारळ, फोटो. मामा शाल काढायला, मी घालायला. वानखेडे तर लाजून अर्धे झाले, म्हणाले, "मॅडम, माझं राहू द्या, मला सवय नाही." मी म्हटलं, "गप उभे राहा सर, माझी नोकरी आहे ही!" साडेसहा मिनिटांत चार, आणि सकाळचा धरून एका शालीत पाच सत्कार. पुण्याबाहेर हे जमलं असतं का सांगा!

पाचही फोटो ग्रुपवर टाकायला लावले. "सर्व उमेदवारांचे स्वागत." ग्रुपवरची अभिनंदनं एकदम थांबली. मग कोणीतरी विचारलं, "पाच जागा आहेत का?"

बरोबर अकराला कुलगुरू आणि सदस्य आले. मी घाईघाईनं इतिवृत्त लिहून काढलं आणि उभं राहून सगळं वाचून दाखवलं. माझ्या वाक्यांसकट. "आणि व्हायचंय प्र-कुलगुरू" हेसुद्धा वाचलं. साहेब खाली मान घालून बसले होते. पाचही उमेदवारांनी सह्या केल्या. हो, खळदकरांनीसुद्धा! हातात नारळ धरून फोटो निघाल्यावर भांडायला माणसाला जमत नाही.

मग अत्तार मॅडमनी मला शाल घालू दिली नाही. ते पाकीट तसंच बंद बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "सगळ्यांना नवे प्रश्न, आणि प्रत्येकाला मोजून तीस मिनिटं." पहिला प्रश्न पाचही जणांना एकच. आज सकाळपासून इथे तुम्हाला जी माणसं भेटली, त्यांच्यातल्या कोणा एकाची अडचण सांगा, आणि ती तुम्ही कशी सोडवाल तेही सांगा.

मी सचिव म्हणून कोपऱ्यात लिहायला बसलेले. सरपोतदारांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "मला कोणी भेटलं असं नाही म्हणता येणार. सगळे मला भेटले." खळदकरांनी स्वतःचीच अडचण सांगितली, तीस मिनिटं पुरली नाहीत.

वानखेडे म्हणाले, "थोपटेमामांची नात. एका विषयाचे गुण चढले नाहीत म्हणून तिचा निकाल राखून ठेवलाय. हिंजवडीत नोकरी लागलीय, पण गुणपत्रिकेशिवाय घेत नाहीत. मामा ह्याच इमारतीत काम करतात आणि चार महिने सात खिडक्या फिरतायत."

अहो, मी हातातलं पेन खाली ठेवलं. मामा रोज माझ्या टेबलावर चहा ठेवतात. मला माहीत नव्हतं! मला बोलले असते तर... पण कधी बोलणार? मी वाक्य पुरं करू देते का कुणाला?

"उपाय?" मॅडमनी विचारलं.

"अशा निकालांना एकच खिडकी. खिडकीवर बसणाऱ्याचं नाव बाहेर लावायचं, आणि पोरगं आलं की ते प्रकरण त्यानं शेवटपर्यंत न्यायचं, पुढच्या खिडकीला पाठवायचं नाही. आणि आणखी एक," वानखेडे जरा घुटमळले, "समोरच्याचं बोलणं आधी पूर्ण ऐकून घ्यायचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. समितीनं मात्र बघितलं, सगळ्यांनी एकदम.

तर वानखेडे सर झाले प्र-कुलगुरू! तिसऱ्या वेळेला, एकाही तक्रारीशिवाय! पेढे वाटले मी. पहिल्याच महिन्यात ती खिडकी सुरू झाली, मामांच्या नातीची गुणपत्रिका निघाली, आणि आता पोरगी रोज कंपनीच्या बसनं हिंजवडीला जाते आणि रोज ट्रॅफिकला शिव्या देते. आणि माझी फाइल? साहेबांनी सही केली. म्हणाले, "चूक करणारे खूप बघितले मॅडम. उभं राहून वाचून दाखवणारं कोणी बघितलं नव्हतं."

उपकुलसचिव सुनंदा काळभोर! कसं वाटतं ऐकायला?

पद मिळताच मी पहिलं काम काय केलं? परिपत्रक काढलं. माझ्या सहीचं पहिलंच. विद्यापीठाच्या कोणत्याही कार्यक्रमाला वय, वेश, वाहन वा रुबाब बघून कोणालाही आत सोडू नये. ओळखपत्र बघावे, नाव विचारावे, यादीशी ताडून पाहावे. अपवाद नाही. "अपवाद नाही" ह्याच्याखाली मी दोन रेघा मारल्या.

मग वर्षाखेरीला वानखेडे सरांनी कार्यक्रम ठेवला. ज्यांनी चांगलं काम केलं त्यांचा सत्कार, त्यात माझंही नाव! आणि पाहुण्या कोण? अत्तार मॅडम! मामांनी म्हणे ती पाच जणांना घातलेली शाल धुऊन, इस्त्री करून माझ्यासाठी राखून ठेवली होती. ही बघा, खुर्चीवर टाकलीय ना, तीच.

मी नवी नारायणपेठी नेसले, नवी पर्स घेतली आणि निघाले. हडपसरच्या गर्दीत अडकले, धापा टाकत सभागृहाच्या दाराशी पोचले. दारात नवा सुरक्षारक्षक. त्याच्या टेबलावर प्लास्टिकमध्ये घातलेलं माझंच परिपत्रक.

"ओळखपत्र?"

पर्स उघडली. ओळखपत्र जुन्या पर्समध्ये, हडपसरला!

"अहो भाऊ, मी..."

"नाव यादीत बघावं लागेल ताई."

"पाहुण्यांच्या यादीत नसेल, कारण माझा तर..."

"नसेल ना? मग झालं तर."

"हे परिपत्रक मीच काढलंय! खालची सही बघा!"

"सगळे असंच म्हणतात. अपवाद नाही, हे वाचलंत का? दोन रेघा आहेत."

तेवढ्यात आतून लाऊडस्पीकरवर अत्तार मॅडमचा आवाज आला. "आता ज्यांचा सत्कार करायचाय, त्या काळभोर बाई. ह्यांची ओळख करून द्यायची गरजच नाही!"

सगळं सभागृह हसलं आणि मग टाळ्यांचा हा कडकडाट!

"ऐकलंत?" मी ओरडले. "ती मी! काळभोर!"

त्या पोरानं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत शांतपणे बघितलं. "ताई, ज्यांची ओळख करून द्यायची गरज नाही, त्या बाई दारात कशाला भांडत बसतील?" आणि भिंतीकडच्या खुर्चीकडे बोट केलं.

"बसा तिथे. नंबर लागेल."